माथ्यावरची माती, पायथ्याचा मासा

एक माथा, दोन उतार

चिखलदऱ्याच्या पठारावर पावसाचा थेंब कुठल्या अंगाला पडतो त्यावर त्याची वाट ठरते. उत्तरेकडे पडला तर ओढ्याओहोळांतून सिपनेत आणि सिपनेतून तापीत. दक्षिणेकडे पडला तर चंद्रभागा, सापन, शहानूर यांपैकी एखादीत आणि तिथून पूर्णेत. दोन्ही थेंब पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर पुन्हा भेटतात आणि लगेच खालच्या हतनूर धरणात शिरतात. थेंबासोबत माती असते. तीही हीच वाट धरते.

फरक एवढाच, की सिपनेच्या मातीला हतनूरपर्यंत मोठं धरण आडवं येत नाही. दक्षिण उताराच्या मातीला मात्र डोंगर उतरताच भिंत लागते. चंद्रभागा, सापन, शहानूर ही अमरावती जिल्ह्यातली मध्यम धरणं अगदी सातपुड्याच्या पायथ्याला आहेत. ती बांधली सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. पण जिथे पाणी साठतं तिथे मासा येतो, आणि मासा आला की भोई येतो. या भोयाचं पोट ज्या जमिनीवर अवलंबून आहे ती त्याच्या मालकीची नाही, त्याच्या गावातही नाही. ती वर डोंगरात आहे. सरकारदरबारी या गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर असतात: वरचं रान वनखात्याकडे, शेत कृषीखात्याकडे, धरण पाटबंधाऱ्याकडे, मासा मत्स्यव्यवसायाकडे. पाण्याला ही टेबलं माहीत नाहीत.

माती सुटते कशी

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच. परतवाडा तिथून घाटाने तीसेक किलोमीटर, पण तेवढ्यात जमीन सातशे मीटरांहून जास्त उतरते. वर वर्षाला साधारण १,५०० मिलिमीटर पाऊस, खाली अकोल्याकडे जेमतेम त्याच्या निम्मा. जास्त पाऊस आणि तीव्र उतार एकत्र आले की पाण्याच्या अंगात बळ येतं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते पूर्वीपेक्षा ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतं, हे जलविज्ञानातलं जुनं गणित आहे. घाटातल्या मोऱ्यांच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर जे धोंडे येऊन पडलेले दिसतात ते याच गणिताचं उत्तर.

एवढ्या पावसातही जंगलाखालची माती टिकते, कारण थेंब तिच्यावर थेट आदळत नाही. आधी पान, मग झुडूप, मग गवत, शेवटी पाचोळा. पाचोळ्याचा चार बोटं जाड थर स्पंजासारखं पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. हा थर गेला की सगळं बिघडतं. मेळघाटात तो जातो मुख्यतः उन्हाळ्यातल्या वणव्यांनी. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली आग कधी पसरते, कधी तेंदूपानाच्या हंगामात पेटते. मे महिन्यात डोंगर काळा पडतो आणि जूनचा पहिला मोठा पाऊस उघड्या मातीवर कोसळतो. राखेसकट माती उतरते.

दुसरं कारण शेती. पूर्वी कोरकू आदिवासींच्या शेतात कोदो, कुटकी, ज्वारी, तूर अशी मिसळ असे. आता डोंगरउतारावरसुद्धा सोयाबीन पोहोचलं आहे. नांगरून, वखरून भुसभुशीत केलेली जमीन जून-जुलैत, म्हणजे नेमकी सर्वांत जोराच्या पावसात, उघडी राहते. पीक जमीन झाकेपर्यंत महिना-दीड महिना जातो, आणि त्यात डवरणीने माती पुन्हा मोकळी होते. पेरणीचे तास उताराच्या दिशेने असतील तर प्रत्येक तास म्हणजे तयार नाली. धुरा फुटला, तर एका रात्रीत शेताचा कोपरा नाल्यात.

तिसरं कारण रस्ते आणि बांधकामं. घाटरस्ता रुंद करताना खोदलेली माती दरीच्या बाजूला लोटली जाते. ती कुठल्याही पिकाच्या हिशेबात येत नाही, पण धरणाच्या हिशेबात येते.

देशपातळीवर ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली केलेला अंदाज अजूनही सगळीकडे वापरला जातो: भारतात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, हेक्टरी १६ टनांहून किंचित जास्त. त्यातली २९ टक्के समुद्राला मिळते आणि सुमारे १० टक्के धरणांत बसते. हेक्टरी १६ टन म्हणजे शेतावरून वर्षाला साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. डोळ्यांना तो दिसत नाही, आणि हाच मोठा धोका आहे.

गाळ कुठे बसतो

लोकांचा असा समज असतो की गाळ धरणाच्या भिंतीपाशी, सर्वांत खोल जागी, मृतसाठ्यात जाऊन बसतो. थोडा बसतोही. पण नदी धरणाच्या पाण्यात शिरते तिथे तिचा वेग एकदम मरतो आणि जड माल तिथेच पडतो: आधी गोटे, मग वाळू, मग जाडी माती. म्हणून गाळाचा मोठा वाटा फुगवट्याच्या टोकाला, उथळ भागात जमा होतो आणि पंख्यासारखा पसरत पुढे सरकतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की हीच जमीन उघडी पडते आणि तिच्यावर गाळपेर होते. टरबूज, काकडी, भाजीपाला उत्तम येतो, कारण ती डोंगरावरची सर्वांत कसदार माती असते.

मत्स्यजीवनाच्या दृष्टीने हीच जागा सर्वांत मोलाची. उथळ, कोमट, काठाला गवत असलेलं पाणी म्हणजे माशांच्या पिल्लांची अंगणवाडी. ते गवत, ते बुडालेलं झुडूप गाळाखाली गाडलं गेलं, की पिल्लांना लपायला जागा राहत नाही आणि मोठे शिकारी मासे त्यांना टिपतात.

सर्वांत बारीक माती मात्र लवकर खाली बसतच नाही, आणि पुढची गोष्ट तिचीच.

बाटलीतलं पाणी

जुलैत चिखलदरा-परतवाडा रस्त्यावरच्या एखाद्या ओढ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून घ्या आणि खिडकीत ठेवा. मी ठेवून पाहिलं आहे. मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी वाळूची करडी रेघ दिसते. चहा होईपर्यंत तिच्यावर तांबूस गाळ चढतो. पण वरचं पाणी दुधाळ तपकिरी राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच, तिसऱ्या दिवशीही बाटलीमागचं वर्तमानपत्र वाचता येत नाही.

याचं कारण कणाच्या आकारात आहे. बारीक वाळूचा कण शांत पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. चिकणमातीच्या कणाला, ज्याची जाडी दोन मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग असते, तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात. त्याहून दहापट बारीक कणाला जवळजवळ वर्ष. तोवर पुढचा पावसाळा येतो. शिवाय बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगणारी. तिच्या कणांवर सारखाच विद्युत्भार असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत, दूर ढकलतात आणि तरंगत राहतात.

वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. तळ्याचं ‘तयं’ होतं, गढूळ पाण्याचं ‘गढूय पानी’. परतवाडा-अंजनगाव पट्ट्यात कुणी ‘अवंदा पानी लय दिस गढूय रायलं’ असं म्हणालं, तर त्यात या सगळ्या भौतिकशास्त्राचा सार आलेला असतो.

गढूळ पाण्यात मासा काय खातो

आपल्या धरणांत सोडले जाणारे तीन प्रमुख मासे पाण्याचे तीन मजले वाटून घेतात. कटला वरच्या थरात राहतो आणि मुख्यतः सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणीप्लवक खातो. रोहू मधल्या थरात वनस्पतींचे अंश आणि शेवाळ खातो. मृगळ तळाशी कुजलेलं, सडलेलं उचलतो. या तिघांचं एकत्र संगोपन भारतात जुनं आहे, कारण तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

ताट भरतो सूर्य. पाण्यातल्या हिरव्या सूक्ष्म वनस्पती उजेडावर वाढतात, प्राणीप्लवक त्यांना खातो, कटला त्याला. पाणी गढूळ असेल तर उजेड हात-दीड हातात विझतो. खाली अंधार, अन्न नाही, आणि दिवसा पाण्यात मिसळणारा प्राणवायूही कमी. कटल्याला याचा फटका आधी बसतो, आणि कटला हाच सर्वांत वेगाने वाढणारा, बाजारात मोठ्या आकाराला चांगला भाव देणारा मासा. मृगळाचं तळाचं ताटही सुरक्षित नसतं. दर पुराबरोबर तळावर नवा थर बसला की त्यातल्या अळ्या, कृमी, शिंपले गाडले जातात.

मातीचा कण थेट माशालाही छळतो. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्यांवर तो घासतो, चिकटतो. मासा श्वास घेण्यात जास्त शक्ती घालवतो आणि वाढायला कमी उरते. असा मासा मरत नाही. तो फक्त लहान राहतो. वर्षभराने जाळ्यात सव्वा किलोचा यायला हवा तिथे अर्ध्या किलोचा येतो, आणि कारण कुणालाच दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गढूळ पाण्यात तंगूसचं जाळं माशाला दिसत नाही, त्यामुळे पुरानंतरचे काही दिवस पकड बरी होते. पण ती असलेल्या माशांची पकड असते. माशांची वाढ तिने होत नाही.

अंडी, जिरे, बोटुकली

कटला, रोहू, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. अंडी पंधरा-अठरा तासांत फुटतात, पण तेवढा वेळ त्यांना प्राणवायूचं पाणी लागतं. त्यांच्यावर चिकणमातीचं पुट चढलं तर गर्भ गुदमरतो. लहान धरणांत हे मासे आपणहून फारसे वाढत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज सोडावं लागतं. हे शक्य झालं ते हिरालाल चौधरी यांच्यामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी संप्रेरकाची सुई देऊन माशांचं प्रजनन घडवून आणलं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे.

बीजाच्या पायऱ्यांना आपल्याकडे सुरेख शब्द आहेत: मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली. जिऱ्यासारखं, मग जरा मोठं, मग बोटाएवढं. धरणात बोटुकलीच सोडावी असं शास्त्र सांगतं. पैसे वाचवायला जिरे सोडले तर गढूळ, आसरा नसलेल्या पाण्यात त्यातलं फारच थोडं वाचतं.

डोंगरातल्या नदीचा मासा म्हणजे महाशीर. त्याला अंडी घालायला गोटे-खड्यांचा स्वच्छ तळ लागतो. खड्यांच्या फटी गाळाने भरल्या की त्याच्यासाठी नदी संपली. त्याला धरणापेक्षा सिपनेसारख्या नदीतले डोह जास्त मोलाचे, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या मासेमारीच्या बंदीमुळे त्याला तिथे निदान आसरा आहे.

पहिला पूर

पहिल्या मोठ्या पुराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरणाच्या काठावर मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासताना दिसतात. उन्हाळाभर साचलेलं शेण, राख, पालापाचोळा एका दमात पाण्यात येतो. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो, आणि आभाळ ढगाळ असल्याने नवा प्राणवायू तयार होत नाही. पहाटेची वेळ सर्वांत वाईट. कधी कधी सकाळी काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागते.

यात शेतातल्या औषधांची भर पडते. कपाशी-सोयाबीनवर फवारलेली काही कीटकनाशकं, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, मातीच्या कणाला घट्ट चिकटतात आणि मातीबरोबरच प्रवास करतात. माशांना ती अत्यंत विषारी. एंडोसल्फान हाही माशांचा असाच जुना वैरी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बंदी घातली. मातीला चिकटून येणाऱ्या औषधांपुरतं बोलायचं तर माती थांबवली की विषही बऱ्याच अंशी थांबतं.

उथळ पाणी वाईटच का?

इथे प्रामाणिकपणे एक अडचण मांडतो. मत्स्यशास्त्र सांगतं की उथळ पाण्यात हेक्टरी उत्पादन जास्त निघतं. व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ साली भारतातल्या जलाशयांचा जो आढावा घेतला त्यात लहान जलाशयांचं उत्पादन हेक्टरी सुमारे ५० किलो, मध्यम जलाशयांचं १२ आणि मोठ्यांचं ११ किलोच्या आसपास होतं. उथळ पाण्याला तळापर्यंत ऊन मिळतं, तळातलं खत वर येतं. नव्या धरणात पहिली काही वर्षं मासे भरपूर मिळतात, तेही बुडालेल्या जमिनीच्या कसामुळे. थोडी माती, थोडं नत्र-स्फुरद माशाला हवंच असतं.

मग गाळाची तक्रार कशासाठी? कारण गाळाने आलेला उथळपणा वेगळा. तो उजेड अडवून येतो, तळ गाडून येतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो एप्रिल-मे खाऊन टाकतो. सिंचनाचं पाणी सोडल्यावर, पिण्याचं उचलल्यावर आणि वऱ्हाडाच्या उन्हाने आटवल्यावर धरणात जे काही उरतं त्यात माशाने जून गाठायचा असतो. मधला डोह दहा फुटांचा असेल तर गाठतो. गाळाने भरून तीन फुटांचा झाला असेल तर पाणी तापतं, मासे एका डबक्यात कोंडले जातात, आणि मच्छीमार संस्थेला ते मिळेल त्या भावाने, वाढायच्या आतच काढावे लागतात. अशा तापलेल्या, गढूळ पाण्यात टिकतात ते चिलापी आणि सायप्रिनस. चिलापी काही महिन्यांचीच असताना अंडी घालायला लागते आणि बारीक माशांनी धरण भरून टाकते. सायप्रिनस तळ उकरून पाणी आणखी गढूळ करतो. एकदा यांचं राज्य आलं की कटल्याला परत जागा मिळणं कठीण.

ठेका क्षेत्रफळाचा, मासा खोलीचा

मच्छीमार सहकारी संस्थेला धरण ठेक्याने मिळतं ते सरासरी जलक्षेत्रावर, म्हणजे इतके हेक्टर पाणी, इतकी रक्कम, इतकी बोटुकली. गाळ साचल्याने हे क्षेत्र कागदावर फारसं बदलत नाही. पावसाळ्यात धरण भरलं की पाणी पूर्वीच्याच रेषेला लागतं. कमी होते ती खोली, आणि खोलीचा रकाना ठेक्याच्या कागदात नसतो. पूर्ण वजनाचा ठेका भरून अर्ध्या आयुष्याचं पाणी घ्यायचं, असा हा व्यवहार आहे. मला तो अन्यायाचा वाटतो.

वर्तमानपत्रात येणारी साठ्याची टक्केवारीही बहुधा मूळ क्षमतेच्या तक्त्यावरूनच काढलेली असते. नव्याने गाळ मोजला जाईपर्यंत तो तक्ता बदलत नाही. १९५९ पासून काम करणारी नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अशी मोजणी करते, उपग्रहाच्या चित्रांवरूनही करते. मध्यम धरणांची मोजणी ठरावीक वर्षांनी व्हावी आणि तिचा आकडा ठेक्याच्या फायलीत जावा, एवढं झालं तरी पुष्कळ.

माथ्यावर काय चाललंय

अचलपूर तालुक्यातलं पायविहीर हे डोंगराच्या कुशीतलं गाव या बाबतीत पाहण्यासारखं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला उजाड झालेल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने चराई आवरली, आग रोखली, चर खोदले, झाडं लावली. रानातली सीताफळं गावाने स्वतः विकायला सुरुवात केली. २०१४ साली गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. त्यांनी हे माशांसाठी केलं नाही. पण ज्या उतारावर गवत परतलं त्या उताराची माती आता खाली उतरायला घाई करत नाही.

व्याघ्र प्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड ही गावं उठून गेल्यावर तिथल्या शेतांची कुरणं झाली. पुनर्वसनाचे स्वतःचे जाच आहेत आणि ते वेगळ्या लेखाचे विषय आहेत. पण नांगरटीची जागा गवताने घेतली की नाल्याचं पाणी निवळतं.

डोंगरात शेती राहणारच. तिथे उपाय जुनेच आहेत: उताराला आडवी पेरणी, शाबूत धुरा, धुऱ्यावर वाळ्याची किंवा साध्या पवन्याची ओळ. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वाळ्याच्या ओळींवर प्रयोग झालेले आहेत. नाल्यात वरून खाली अनघड दगडी बांध, मग गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत बांधलेले दगड, सर्वांत शेवटी माती नालाबांध. माथा ते पायथा हा क्रम उलटा केला, आधी खालचा बंधारा बांधला, तर तो दोन पावसाळ्यांत भरतो.

गाळ काढताना

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ काढून शेतात पसरवला जातो. शेताला कस मिळतो, तलावाला जागा. माशांच्या बाजूने दोन गोष्टी सांभाळाव्यात. पोकलेनने सगळा तळ एकसारखा खरवडू नये. एका जागी खोल डोह ठेवावा, मे महिन्यात मासा तिथेच जगतो. आणि काठाचं देशी पाणगवत पूर्ण उपटू नये. पूर्व विदर्भात गोंदिया-भंडाऱ्याच्या जुन्या तलावांत ढिवर समाजाच्या बायकांनी बेशरम हे माजणारं झुडूप काढून तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माशांना चारा आणि आसरा दोन्ही मिळाले. पश्चिमेकडच्या आपल्या धरणकाठांवर हे करायला काही आडकाठी नाही.

ताटलीएवढी चकती

१८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पाण्याचा निर्मळपणा मोजायला एक साधन वापरलं. त्याची चकती पांढरी होती; आज वापरात असलेली अशी: वीस सेंटिमीटरची चकती, चार भाग, आळीपाळीने काळे-पांढरे रंगवलेले, मधून दोरी. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते तिथे दोरीला गाठ मारायची. त्या खोलीच्या साधारण दोन-अडीच पट खोलपर्यंत पाण्यात अन्न तयार होऊ शकतं. गावातला लोहार ही चकती पत्र्यापासून तासाभरात करून देईल.

एखाद्या संस्थेने दर पंधरवड्याला डोंग्यातून जाऊन एकाच जागी ही चकती सोडली, शेजारी बांबूने खोली मोजली, आणि आकडे एका वहीत लिहिले, तर दोन वर्षांत त्या धरणाची माती बोलायला लागेल. वरच्या गावात चर खोदल्यावर चकती किती वीत जास्त खाली दिसली, वणव्याच्या वर्षी किती वीत आधी गेली, हे त्या वहीत असेल. ती वही घेऊन भोई वरच्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसला, तर डोंगर आणि धरण पहिल्यांदाच एका सतरंजीवर येतील.